उघडीप मिळते तेव्हा पंप चालू हवा

बागकामाच्या धंद्यात नव्या आलेल्या मुलांना कलमे बांधायची घाई असते. माझ्याकडे कोणी कामाला आले की मी सुरुवातीचे काही दिवस त्याला सामानाच्या खोलीत गुंतवतो. तोंड वाकडे होते, पण माझा नियम बदलत नाही. गोव्यात वर्षाला सरासरी 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. या चार महिन्यांत बाहेरचे काम होते ते उघडीप मिळेल तेवढ्याच वेळात. त्या दोन तासांत जो कोयता शोधत बसला, त्याचा दिवस गेला.

फोंड्याच्या आसपास आम्ही कुळागरे, म्हणजे पोफळी-नारळाच्या बागा, सांभाळतो आणि घरांच्या बागाही. कुळागरात सामानाची खरी परीक्षा होते ती पोफळीवर बोर्डो हे बुरशीनाशक मारताना. सुपारी कुजवणाऱ्या कोळेरोगासाठी पहिली फवारणी पाऊस सुरू व्हायच्या तोंडावर आणि दुसरी साधारण 40 ते 45 दिवसांनी. म्हणजे दुसरीची वेळ येते ऐन पावसात. झाडे निथळली, शिंपुटे (सुपारीचे घड) कोरडे झाले की लगेच सुरुवात करावी लागते. पंपाचा वायसर त्याच वेळी फाटलेला निघाला आणि दुकान बंद असले तर मालकाला काय सांगणार? म्हणून वायसर, नोझल आणि नळीच्या क्लिपा एका डब्यात जास्तीच्या ठेवलेल्या असतात, आणि तो डबा पंपाच्या पट्ट्यालाच बांधलेला असतो. कपाटात ठेवलेला सुटा भाग गरजेला कधीच सापडत नाही.

एक टक्क्याचे बोर्डो म्हणजे 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना आणि 100 लिटर पाणी. पाठीवरच्या 16 लिटरच्या पंपाला दोन्ही 160 ग्रॅम. निम्म्या पाण्यात चुना, निम्म्यात मोरचूद, आणि मोरचुदाचे पाणी चुन्याच्या पाण्यात ओतायचे. भांडी प्लास्टिकची हवीत, कारण मोरचूद लोखंड खाते. याच गुणाचा तपासणीला उपयोग होतो. सुरीचे पाते घासून लख्ख करायचे आणि तयार मिश्रणात थोडा वेळ बुडवायचे. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला, अजून घाला. मिश्रण त्याच दिवशी संपवायचे आणि फडक्यातून गाळूनच पंपात घालायचे.

पुढचे काम कंटाळवाणे, आणि नेमके तेच टाळले जाते. फवारणी संपली की पंप तिथेच दोन-तीन पाण्यांनी धुवायचा, स्वच्छ पाणी नळीतून नोझलपर्यंत मारायचे. ते पाणी विहिरीजवळ किंवा ओहोळात सोडायचे नाही, तांबे माशांना सोसत नाही. मग झाकण उघडे ठेवून पंप उलटा टांगायचा. नोझलमध्ये चुना बसलाच तर व्हिनेगरमध्ये भिजवून जुन्या टूथब्रशने घासा. तोंडाने फुंकर मारू नका. तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवावा, त्यावर लाल रंगाचा जाड पट्टा मारावा. तणनाशकाचा जरासा अंश उरलेला पंप मिरचीच्या रोपांवर फिरला तर आठवड्यात वाफा वाकडातिकडा होतो.

आता खोली. आमच्याकडे बहुतेक ठिकाणी ती चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची, असते आणि गिलावा नसतो. चिरा पाणी पितो. पावसाचा मारा पश्चिमेकडून, म्हणून त्या भिंतीला काहीही टांगू नये. दुसऱ्या भिंतीवरही आधी उभ्या पट्ट्या, त्यावर फळी, आणि फळीला खिळे, म्हणजे अवजार आणि भिंत यांच्यामध्ये हवा खेळते. जमिनीवर दांडे टेकवून ठेवले की वाळवी वर चढते. फळीवर प्रत्येक अवजाराची आकृती रंगाने काढून ठेवावी. पोरखेळ वाटतो खरा, पण संध्याकाळी अंधारात परतलेल्या माणसाला रिकामी आकृती मोजणीशिवाय दिसते, आणि खुरपे गवतात राहिले हे उद्याऐवजी आजच कळते. त्यासाठीच आम्ही दांड्यांना नारिंगी पट्टा मारतो. जुलैतल्या गवतात लाकडी दांडा दिसत नाही.

दांड्यांचे वर्ष मेमध्ये सुरू होते. घराघरांत पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठवणीची, खरेदी चाललेली असते, त्याच दिवसांत मी खोरी, कुदळी, पिकास सगळे अंगणात काढून एकेक हलवून बघतो. उन्हाळ्यात लाकूड आकसते आणि कुदळीचे डोके खुळखुळते. मुले लगेच ती पाण्यात बुडवतात. लाकूड फुगून तात्पुरते घट्ट होते, पण वाळले की पहिल्यापेक्षा सैल. आमच्याकडचा जुना माळी एवढेच म्हणायचा, “उदकांत दवरूं नाका रे, पाचर मार.” म्हणजे पाण्यात ठेवू नका. पाचर मारा, वरचा भाग तासून सपाट करा, मग दांड्याला सॅण्डपेपर आणि जवसाचे तेल. तेलाची फडकी मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाच्या तेलाने भिजलेला बोळा आपोआप पेट घेऊ शकतो, तेव्हा फडकी उघड्यावर पसरून वाळवावीत. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात दांडा घेताना त्याच्या रेषा उभ्या, डोक्यापासून शेवटापर्यंत सरळ गेलेल्या आहेत का ते बघा. आडवी रेषा असेल तर दांडा तिथेच मोडतो.

लोखंडाचे म्हणाल तर माती घासून काढणे, पुसणे, तेलाचा हात. बादलीत तेलकट वाळू भरून त्यात खुरपी-विळे खुपसून ठेवायची पद्धत चांगली आहे. पण वाळू नदीची घ्या. किनाऱ्यावरची आणली तर मीठ आले, आणि गंज काढायच्या बादलीतच गंज चढतो.

सिकेटरची, म्हणजे छाटणीच्या कात्रीची, धार बहुतेक जण बिघडवतात. त्याच्या कापणाऱ्या पात्याला एकाच बाजूने उतार असतो, तीच बाजू कानशीने घासायची. सपाट बाजूला कानस लावली की दोन पात्यांत फट पडते आणि फांदी कापली जात नाही, चावली जाते. चाफ्याचा किंवा फणसाचा चीक पाण्याने निघत नाही, आधी तेल लावून पुसावा.

हत्यारांच्या स्वच्छतेत मी जरा जास्तच कडक आहे, असे माझी माणसे म्हणतात. वांगी, मिरची, टोमॅटोवरची जिवाणूंची मर आपल्याकडच्या आम्लधर्मी, ओल्या जमिनीत बस्तान मांडते आणि खोऱ्याला चिकटलेल्या मातीतून या वाफ्यातून त्या वाफ्यात जाते. हिरवेगार झाड अचानक मान टाकते तेव्हा खोडाचा तुकडा कापून काचेच्या ग्लासातल्या स्वच्छ पाण्यात धरा. थोड्या वेळात कापातून दुधी धागा खाली उतरताना दिसला तर मरच समजा. त्या वाफ्यातले काम दिवसाच्या शेवटी ठेवायचे. नंतर खोरे घासून धुऊन वाळवायचे, सिकेटर 70 टक्के स्पिरिटने पुसायचा. ब्लीचच्या पाण्यानेही जंतू मरतात, पण पातेही खराब होते.

खतांचे थोडक्यात. युरिया हवेतली ओल ओढतो, जूनमध्ये फोडलेली गोणी उघडी राहिली तर दगड होतो. झाकणाच्या पिंपात, फळीवर. चुनाही हवाबंदच. औषधे मूळ बाटलीत, लेबलासकट, कुलपात. पाण्याच्या बाटलीत कधीही नाही. लेबलावरचा त्रिकोण वाचायला पहिल्याच दिवशी शिका: लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा.

बियाणे या खोलीत ठेवायचेच नाही. भेंडी, दोडकी, चिबूड यांचे बी घरात काचेच्या बरणीत, खाली चाळलेली कोरडी राख, आणि आत चिठ्ठी. चिठ्ठी पेन्सिलने लिहावी, शाई ओलीने पसरते आणि पुढच्या वर्षी दोडकी की घोसाळी यावर वाद होतो.

ग्रास कटरमध्ये हल्लीच्या पेट्रोलमधले इथेनॉल पाणी ओढते, त्यामुळे पेट्रोल-तेलाचे मिश्रण दोन-चार दिवसांपुरतेच करा. तेलाचे प्रमाण यंत्राच्या पुस्तकात बघा, बऱ्याच यंत्रांना लिटरला 20 मिलिलिटर असते. हंगाम संपला की टाकी रिकामी करून यंत्र स्वतःहून बंद पडेपर्यंत चालवायचे, म्हणजे कार्बोरेटरही कोरडा होतो.

सुरुवातीला फार खरेदी करू नका. चांगला सिकेटर, कोयता, खुरपे, खोरे आणि कानस एवढ्यावर घरगुती बागांचे काम सुरू होते. पारय (पहार), पंप, कटर कामे वाढतील तसे घ्या. घरोघरी फिरताना सामान मिसळते, म्हणून आपल्या दांड्यांवर खूण कोरून ठेवा. ग्राहकाची झारी चुकून आपल्या गाडीत आली तर त्याच संध्याकाळी फोन करून सांगा.