गोळ्यांची पिशवी आधी उघडा

मेडिसिनची रेसिडेन्सी नुकतीच लागली होती. जुलै महिना, वॉर्ड तुडुंब, जमिनीवरही गाद्या. मुंबईत पावसाळ्यातला ताप म्हटलं की मलेरिया, डेंग्यू, लेप्टोसाठी रक्ताच्या बाटल्या भरायच्या आणि पुढच्या खाटेकडे वळायचं.

डोंबिवलीच्या एका मावशींना तीन आठवडे ताप होता. तिन्ही तपासण्या निगेटिव्ह, एक्स-रे स्वच्छ, टीबीची मांटू चाचणी निगेटिव्ह. केसपेपरवर मी लिहिलं होतं, ‘संधिवाताच्या गोळ्या चालू’. राउंडला आमच्या सीनियर मॅडमनी उशाशेजारची पिशवी खाटेवर उपडी केली. मेथोट्रेक्सेट, प्रेडनिसोलोन (स्टेरॉइड) आणि तळाशी एक चुरगळलेलं बिल, अडालिमुमॅबचं.

“हे सांगितलं नाहीत?”

“ते इंजेक्शन आहे, बाई. या डॉक्टरांनी गोळ्याच विचारल्या.”

लेव्होफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकची रिकामी स्ट्रिपही निघाली. त्या गोळ्यांनी ताप आठवडाभर उतरून परत चढला होता.

अडालिमुमॅब हे संधिवातावरचं इंजेक्शन टीएनएफ हे दाह पेटवणारं प्रथिन अडवतं. क्षयाच्या जंतूंना कोंडून ठेवणारा ग्रॅन्युलोमा, म्हणजे पेशींचा गराडा, टीएनएफच्याच जोरावर टिकतो. तो सैल पडला की वर्षानुवर्षं निपचित असलेला टीबी अंगभर पसरू शकतो, आणि प्रतिकारशक्ती दबलेली असल्याने मांटूही फसवते. लेव्होफ्लॉक्सासिन टीबीच्या जंतूंवरही चालतं, म्हणून तो मधला आराम. एचआरसीटीत (छातीच्या बारीक सीटी स्कॅनमध्ये) दोन्ही फुप्फुसांत बाजरी सांडल्यासारखे दाणे दिसले. ब्रॉन्कोस्कोपीतून घेतलेल्या द्रवाचं सीबीनॅट, म्हणजे टीबीची जनुकीय चाचणी, पॉझिटिव्ह आलं. सुरुवातीला अशा दाणेदार, मिलिअरी टीबीचा एक्स-रे स्वच्छ असू शकतो हे मला ठाऊक होतं, पण परीक्षेपुरतं.

तेव्हापासून मी इंजेक्शन, सलाइनमधून दिलेलं औषध, शेवटचा डोस आणि मनानेच बंद केलेल्या गोळ्या वेगवेगळ्या विचारतो. स्टेरॉइड अचानक थांबवल्यानेही ताप येतो, बीपी घसरतं. रोज 20 मिलिग्रॅम किंवा जास्त प्रेडनिसोलोन महिनाभर झालं असेल तर न्यूमोसिस्टिस हा फुप्फुसांचा बुरशीसंसर्ग डोक्यात ठेवा. अशा पेशंटला वॉर्डात चालवून ऑक्सिजनचं सॅच्युरेशन बघा, बसल्या जागी ते चांगलं दिसू शकतं. टॉसिलिझुमॅब या संधिवाताच्या दुसऱ्या औषधावर सीआरपी (रक्तातला दाहाचा आकडा) सहसा वाढत नाही, त्या आकड्यावर विसंबू नका. आणि ब्लड कल्चर (रक्तातले जंतू वाढवून बघायची तपासणी) अँटिबायोटिकच्या आधी, रात्रीचे तीन वाजले असले तरी. (मी हे दोनदा चुकवलंय.)

टीबीच्या औषधांनी मावशींचा ताप उतरला. पण दुसऱ्या आठवड्यात सांधे पुन्हा सुजले. टीबीच्या रिफॅम्पिसिनमुळे प्रेडनिसोलोन यकृतात लवकर संपतं, डोस वाढवायला हवा होता. ते मला सिस्टरांनी विचारल्यावर आठवलं.