दोष बहुधा भिंतीत असतो : इलेक्ट्रिक गाडी चार्ज करताना या चुका टाळा

पुण्यातल्या आमच्या सोसायटीत पहिली इलेक्ट्रिक गाडी मी २०२१ साली आणली, आणि जो पहिला, त्याच्या गळ्यात सल्लागाराची माळ आपोआप पडते. आता पार्किंगमध्ये अशा गाड्यांची रांग लागली आहे आणि रविवारी सकाळचा पहिला चहा संपण्याआधी फोन वाजतो : "काका, गाडी चार्ज होत नाहीये, सर्व्हिस सेंटरला फोन करू का?" मी मल्टिमीटर आणि टॉर्च घेऊन खाली उतरतो. इतक्या वर्षांत दहापैकी नऊ वेळा गाडीत काहीही बिघाड नव्हता; बिघाड होता तो गाडी ज्या भिंतीला जोडली होती त्या भिंतीत. लाखो रुपयांची गाडी घेणारा माणूस तिच्यासाठी लागणाऱ्या सॉकेटवर दोनशे रुपये जास्त खर्च करायला का कचरतो, हे कोडे मला अजून सुटलेले नाही.

सगळ्यांत जास्त दिसणारी चूक, जी मी पाहून पाहून थकलो आहे, ती म्हणजे एक्स्टेन्शन बोर्डावर गाडी लावणे. गाडीसोबत येणारा पोर्टेबल चार्जर साधारण १५ अँपिअर विद्युतप्रवाह ओढतो, म्हणजे ३.३ किलोवॉट. "एवढा तर आमचा गीझरसुद्धा घेतो," असे उत्तर लगेच मिळते. गीझर वीस मिनिटांत बंद होतो, इस्त्री दर मिनिटाला स्वतःच थांबते आणि सुरू होते, एसीचा कॉम्प्रेसरही मधूनमधून विश्रांती घेतो. ४० युनिटांची बॅटरी २० टक्क्यांवरून पूर्ण भरायची तर हा चार्जर रात्रभर, दहा तासांहून अधिक काळ, एका क्षणाची उसंत न घेता पूर्ण प्रवाह ओढत राहतो. घरातले दुसरे कुठलेही उपकरण असे वागत नाही, आणि घरातले सॉकेट अशा वागणुकीसाठी बसवलेलेही नसते.

दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात रात्री एक वाजता वॉचमनने मला उठवले. नवीनच गाडी आणलेल्या एका तरुणाने वॉचमनच्या केबिनमधल्या सॉकेटला एक्स्टेन्शन बोर्ड लावून गाडी चार्जिंगला ठेवली होती. जास्तीची वायर कुणाच्या पायात येऊ नये म्हणून त्याने ती नीट गुंडाळून ठेवली होती. हेतू चांगला, पण गुंडाळलेल्या वायरीतली उष्णता बाहेर पडायला जागाच राहत नाही. मी पोहोचलो तेव्हा केबिनमध्ये कुजलेल्या माशासारखा उग्र वास भरला होता. प्लास्टिकचे सॉकेट तापू लागले की असाच वास येतो, तो ज्याने एकदा घेतला तो विसरत नाही. मेन स्विच बंद करून प्लग ओढला, तर तो निघेना. फेजची पिन सॉकेटच्या आतल्या पट्टीला चिकटून बसली होती, तिच्यावर निळसर-काळी झाक आली होती आणि सॉकेटचा उजवा कोपरा पुरणपोळी करपावी तसा तपकिरी झाला होता.

त्या तरुणाचा पहिला प्रश्न होता, "एमसीबी का पडला नाही?" प्रश्न रास्त होता आणि त्याचे उत्तर प्रत्येक ईव्हीमालकाने पाठ करावे असे आहे. एमसीबी, म्हणजे प्रवाह मर्यादेबाहेर गेला की लाइन तोडणारा स्विच, फक्त प्रवाह मोजतो. सॉकेट किती तापले हे त्याला कळत नाही. प्रवाह १५ अँपिअरच होता, म्हणजे त्याच्या लेखी सारे काही आलबेल होते. मात्र सॉकेटमधली पितळी पट्टी सैल झाल्यामुळे पिन आणि पट्टी यांच्यामध्ये समजा ओहमचा दहावा भाग एवढा अवरोध निर्माण झाला, तर १५ अँपिअरला तिथे बावीस-तेवीस वॉट उष्णता तयार होते. रेडिओ दुरुस्तीवाल्याकडची डाग देण्याची सोल्डरिंग आयर्न साधारण तेवढ्याच वॉटची असते. सॉकेटमध्ये ती आयर्न खोचून रात्रभर झोपी जावे, तसा हा प्रकार आहे.

माझी पद्धत अशी आहे. मीटर रूमपासून पार्किंगपर्यंत गाडीसाठी स्वतंत्र लाइन, १५ अँपिअरला ४ चौरस मिलिमीटरची आणि ३२ अँपिअरच्या, म्हणजे ७.२ किलोवॉटच्या, वॉलबॉक्सला (भिंतीवर बसवायच्या चार्जरला) किमान ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर. अंतर लांब असेल तर त्याहून जाड. शेवटी चांगल्या प्रतीचे औद्योगिक सॉकेट, त्याआधी एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे प्रवाह गळू लागला की लाइन तोडणारा स्विच. वाटेत कुठेही ॲल्युमिनियमच्या तारेला तांब्याची तार पीळ देऊन जोडलेली चालणार नाही, मग वायरमन कितीही वेळा "साहेब, काही होत नाही" म्हणो. नवीन सॉकेटवर पहिल्यांदा गाडी लावली की अर्ध्या तासाने प्लगला हाताची पालथी बाजू लावून पाहतो. कोमट असेल तर ठीक. हात ठेवावासा वाटत नसेल तर चार्जिंग तिथेच थांबवतो. दर दिवाळीच्या साफसफाईत लाइन बंद करवून सॉकेटचे स्क्रू आवळून घेतो, कारण रोज तापून थंड होणारे स्क्रू सैल होतातच.

इथेच अधीर मंडळींबद्दलही एक तक्रार नोंदवतो. गाडीची पूजा होण्याआधीच त्यांना ७.२ किलोवॉटचा वॉलबॉक्स हवा असतो, आणि वीजजोडणीचा मंजूर भार वाढवायला वेळ लागणार असे कळले की ते तो तसाच जोडून घेतात. दिवसाला चाळीस किलोमीटर चालणाऱ्या गाडीला सहा-सात युनिट लागतात. १५ अँपिअरच्या सॉकेटवर ते दोन-सव्वादोन तासांत भरतात. गाडी रात्री दहा तास उभीच असते. मग घाई नेमकी कशाची?

दुसरी चूक अर्थिंगची, आणि ही पहिलीपेक्षा घातक आहे. गेल्या मे महिन्यात गुहागर तालुक्यातल्या एका घरगुती निवासात आम्ही उतरलो होतो. चार्जर लावला तर लाल दिवा. मालक सज्जन माणूस, त्याने तासाभरात गावातल्या वायरमनला बोलावले. वायरमनने सॉकेट उघडले, खिशातून वायरीचा बोटभर तुकडा काढला आणि न्यूट्रलमधून अर्थच्या टोकाला जोडायला घेतला. "पुण्या-मुंबईच्या सगळ्या गाड्या अशाच चार्ज होतात इथे," असे तो अभिमानाने सांगत होता. मी त्याचा हात धरला. तसे जोडल्यावर चार्जरचा दिवा हिरवा होतो हे खरे आहे, कारण चार्जरला अर्थ सापडल्याचा भास होतो. परंतु पहिल्या वादळात खांबावरचा न्यूट्रल तुटला, आणि कोकणात तो तुटतोच, तर घरातल्या चालू पंख्या-दिव्यांमधून येणारा दाब त्या तुकड्यावाटे थेट गाडीच्या पत्र्यावर चढतो. मग ओल्या अंगणात अनवाणी उभे राहून जो कुणी दाराला हात लावील, त्याच्यासाठी ती गाडी म्हणजे उघडी तार असते. बाजारात हेच काम करणारे तयार प्लगही मिळतात. ज्याने ते विकत घेतले असतील त्याने आजच कचऱ्यात टाकावेत.

खरे कारण मल्टिमीटरने पाच मिनिटांत सांगितले. फेज आणि न्यूट्रलमध्ये २२८ व्होल्ट होते, जे योग्यच होते; पण फेज आणि अर्थमध्ये १४० च्या आसपास आणि न्यूट्रल व अर्थमध्ये जवळजवळ ९० दाखवत होते. याचा अर्थ अर्थची तार जमिनीपर्यंत पोहोचूनही जमिनीला 'लागत' नव्हती. अर्थिंगचा खड्डा घरामागे जांभ्यात खणलेला होता आणि मे महिन्यात जांभा ठणठणीत कोरडा होता. खड्ड्यात कुणी वर्षभर पाणी घातले नव्हते. मालकीणबाईंना विचारून विहिरीच्या चार बादल्या त्यात ओतल्या, वर दोन मुठी खडेमीठ टाकले आणि आम्ही आमरस-पुरीला बसलो. जेवण होईपर्यंत न्यूट्रल-अर्थमधले व्होल्ट तीनवर आले होते आणि चार्जर कोणत्याही करामतीशिवाय सुरू झाला. पूर्वीच्या घरांत उन्हाळ्यात तुळशीबरोबर अर्थिंगच्या खड्ड्यालाही पाणी घालत असत. ती सवय कुठे गेली कोण जाणे.

पाणी घालूनही दिवा लालच राहिला, तर सॉकेटमध्ये फेज आणि न्यूट्रल उलटे जोडले आहेत का ते पाहावे. सॉकेटकडे तोंड करून उभे राहिल्यावर अर्थचे भोक वर असते, तेव्हा फेज उजव्या हाताला असायला हवा. पंखा किंवा मिक्सर उलट्या जोडणीवर बिनतक्रार चालतो, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. अनेक चार्जर मात्र ती चालवून घेत नाहीत. टेस्टर अगदी स्वस्तात मिळतो. प्रवासात मी तो चार्जरच्या पिशवीतच ठेवतो.

आता रस्त्यावरच्या चुका. कंपनीने सांगितलेली रेंज, म्हणजे एका चार्जिंगमध्ये गाडी जाईल ते अंतर, खरी मानून निघणे ही त्यांतली पहिली. ती रेंज ज्या चाचणीतून येते तिला एमआयडीसी म्हणतात. नाव ऐकून भोसरी किंवा चाकण आठवले तरी इथे ते 'मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकल'चे आद्याक्षरी रूप आहे. ही चाचणी प्रयोगशाळेतल्या रोलरवर, एसी बंद ठेवून होते आणि तिच्यात वेग ताशी ९० किलोमीटरच्या वर जात नाही. चार माणसे, सामान आणि एसीसह कोल्हापूरच्या रस्त्यावर शंभरने जाणाऱ्याने त्या आकड्याचे ६५ ते ७० टक्के धरावेत. घाटांची मात्र उगाच भीती बाळगू नये. वाईहून पसरणी घाटाने पाचगणीला चढताना उंची सहाशे मीटरांच्या आत-बाहेर वाढते, आणि पावणेदोन टनांची भरलेली गाडी तेवढी वर उचलायला रस्त्याच्या नेहमीच्या खर्चाखेरीज सुमारे तीन युनिट पुरतात. उतरताना त्यांतले बरेचसे परत मिळतात, फक्त पाचगणीच्या हॉटेलात बॅटरी शंभर टक्के भरून निघू नये. भरलेल्या बॅटरीत परतीची वीज घ्यायला जागा नसते, आणि मग पूर्ण घाट ब्रेकवर उतरावा लागतो.

फास्ट चार्जरवर पाच टक्के घेऊन पोहोचणाऱ्यांविषयी मला सहानुभूती उरलेली नाही. ॲपवर "उपलब्ध" दिसणारी गन, म्हणजे गाडीत खोचायचे चार्जरचे टोक, प्रत्यक्षात बंद असू शकते, तिच्यासमोर कुणी डिझेल गाडी लावून मिसळ खायला गेलेला असू शकतो, किंवा ओटीपी येण्याएवढे नेटवर्कच नसते. मी तीस टक्क्यांवर थांबा ठरवतो, त्याच्यापुढचा दुसरा चार्जर हेरून ठेवतो आणि ज्या हॉटेलच्या आवारात चार्जर आहे तिथे आधी फोन करून गन चालू आहे का ते विचारतो. तीन-चार कंपन्यांची ॲप घरूनच उतरवून, प्रत्येकात थोडे पैसे भरून निघतो. शिवाय साठ किलोवॉटची पाटी पाहून हुरळून जाऊ नये. अनेक ठिकाणी दोन गाड्या लागल्या की तीच शक्ती दोघांत तीस-तीस अशी विभागली जाते.

आणि ऐंशी टक्के झाले की गाडी काढावी. त्यापुढे बॅटरी प्रवाह कमी कमी घेत जाते, त्यामुळे शेवटच्या वीस टक्क्यांना बहुतेकदा आधीच्या पन्नास टक्क्यांइतका वेळ लागतो, आणि मागे लहान मुले घेऊन उभे असलेले कुटुंब घड्याळ पाहत असते.

घरी रोज किती टक्के भरावे, यावर पार्किंगमध्ये तावातावाने वाद होतात. हे बॅटरीच्या रसायनावर ठरते. ती एलएफपी (लिथियम-लोह-फॉस्फेट) असेल तर अधूनमधून हळू चार्जिंगने पूर्ण शंभर टक्के करावी, नाहीतर गाडीचा टक्क्यांचा हिशेब चुकत जातो. एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) असेल तर एरवी ऐंशीवर थांबावे. आपली कुठली, ते गाडीसोबत आलेल्या पुस्तिकेत पाहावे. ती पुस्तिका उघडण्याचे कष्ट मात्र कुणी घेत नाही.

वीजबिल पाहून दचकणाऱ्यांनी साधा हिशेब मांडावा. महिन्याला बाराशे किलोमीटर, युनिटला सात किलोमीटर आणि चार्जिंगमधली गळती धरली तर १९० युनिट होतात. घरचा वापर दोनशे असेल तर बेरीज ३९० होते आणि शेवटचे ९० युनिट महावितरणच्या ३०१ ते ५०० या चढ्या टप्प्यात जातात. पार्किंगसाठी वेगळा मीटर घेण्याचा अर्ज त्याचसाठी करायचा असतो, आणि तो गाडी बुक केल्याच्या दिवशी करावा, गाडी दारात आल्यावर नव्हे.

महिनाभर गावी जाताना मोठी बॅटरी पन्नास टक्क्यांवर ठेवावी आणि बारा व्होल्टची छोटी बॅटरी विसरू नये. ती उतरली की चारशे व्होल्टची बॅटरी भरलेली असूनही दार उघडत नाही, आणि मग मला फोन येतो. पावसाळ्यात पोर्टेबल चार्जरचा डबा जमिनीवर ठेवू नये. मी पार्किंगच्या खांबावर कमरेच्या उंचीवर एक हूक मारला आहे, डबा त्यावर टांगतो आणि वायरीला खाली एक झोळ सोडतो, म्हणजे वायरीवरून ओघळणारे पाणी सॉकेटपर्यंत न जाता झोळाच्या तळाशी ठिबकते.