बाथरूम गळतंय? टाइल्स बसवण्याआधीच्या या चुका टाळा

खालच्या काकूंचा तिसऱ्यांदा निरोप आला, "अहो, छताचे पोपडे परत पडताहेत," तेव्हा आम्ही नहाणीच्या कोपऱ्यातल्या चार टाइल्स काढल्या. खालची रेती काळी, चिकट, कुबट वासाची. नहाणी ट्रॅपचा (सांडपाण्याच्या जाळीखालच्या भांड्याचा) पाइप आणि स्लॅब यांच्यात करंगळी जाईल एवढी फट, आणि ती विटांच्या तुकड्यांनी बुजवलेली! त्याआधी दोनदा सांध्यांत व्हाइट सिमेंट भरून घेतलं होतं. काडीचाही उपयोग झाला नव्हता.

टाइल्स म्हणजे वॉटरप्रूफिंग नव्हे. सांध्यांतून थोडं पाणी झिरपतंच. ते अडवायचं काम खालच्या थराचं. हा थर मधोमध क्वचित फुटतो. दगा देतो तो पाइपभोवती, भिंतीच्या कोपऱ्यात आणि उंबऱ्यापाशी.

फोडाफोडीआधी गळती कुठली ते ओळखा. दिवसरात्र सारखं ठिबकत असेल तर संशय पाण्याच्या लाइनवर. व्हॉल्व्ह बंद करून ठिबकणं थांबतं का बघा, पण दोनतीन दिवस थांबा, कारण स्लॅबमध्ये मुरलेलं पाणी लगेच थांबत नाही. आंघोळीनंतरच ठिबकणं वाढत असेल तर जमीन किंवा ड्रेनेज तपासा.

काम काढलंत की आधी प्लंबिंग पूर्ण करून लाइन प्रेशरवर तपासा. कोटिंग झाल्यावर प्लंबरने छिन्नी चालवली की सगळं मुसळ केरात. मग ट्रॅपकडे या. गुळगुळीत पीव्हीसीला साधा सिमेंटचा माल धरत नाही, सुकताना आकसतो आणि कड सुटते. म्हणून पाइप पॉलिश पेपरने खरवडा, भोक साफ करा, खालून फळी लावून नॉन-श्रिंक ग्राउट (सुकताना न आकसणारा माल) ओता. या एका जागेसाठी मिस्त्रीजवळ स्वतः उभे राहा.

कोपऱ्यांना गोला मारून (मालाने कोपरा गोलसर करून), जाळी लावून पॉलिमर कोटिंगचे दोन हात द्या, दुसरा आडवा आणि पहिला सुकल्यावरच. भिंतीवर किमान एक फूट, शॉवरपाशी सहा फूट चढवा.

कोटिंग नीट सुकल्यावर ट्रॅप बंद करून दोनतीन इंच पाणी 48 तास साठवा. पातळीची पेन्सिलने खूण करा आणि खालच्या घरी जाऊन छत बघा. "साहेब, गरज नाही" असं मिस्त्री म्हणतील. तरी ऐकू नका. कोबा (कोटिंगवरचा सिमेंटचा थर) झाल्यावर हीच चाचणी पुन्हा घ्या. संकन (बाथरूमच्या स्लॅबचा खोलगट भाग) भरायला जुना राडारोडा वापरू नका, तो पाणी धरून ठेवतो. ढाळ चार फुटांना साधारण 15 मिमी हवा.

सांध्यांत शक्यतो इपॉक्सी ग्राउट भरा. टाइल्स ॲसिडने घासू नका. ते सिमेंटचे सांधे खातं.

खालच्या छताला लगेच रंगही देऊ नका. ओल्या स्लॅबवरचा रंग पुन्हा पोपडे धरतो. काकूंकडचा रंग आम्ही पावसाळा सरल्यावर, छत पूर्ण कोरडं झाल्याची खात्री करून दिला.