चित्रातला ठिपका त्या दीर्घिकेतला आहे हे आधी सिद्ध करा

जवळच्या दीर्घिकांमधली कृष्णविवरं आणि न्यूट्रॉन तारे क्ष-किरणांत अभ्यासायला घेतले की सुरुवातीचे महिने मजेत जातात. चंद्रा दुर्बिणीचा डेटा डाउनलोड करायचा, सियाओ या तिच्या सॉफ्टवेअरमध्ये वेवडिटेक्ट हा स्रोत शोधणारा प्रोग्राम चालवायचा, ठिपके मिळाले की प्रत्येकाचा फ्लक्स, म्हणजे आपल्यापर्यंत पोचणारं तेज, काढायचा. दीर्घिकेचं अंतर माहीत असतंच, त्यामुळे तेजस्विता, म्हणजे स्रोत प्रत्यक्षात सेकंदाला किती ऊर्जा सोडतो तेही, लगेच हाताशी येते. इथपर्यंत सगळ्यांना जमतं. पण त्या ठिपक्यांमधले कित्येक त्या दीर्घिकेत नसतातच, आणि माझा बराच काळ या एकाच गोष्टीशी झगडण्यात गेला. म्हणून ती सविस्तर सांगते.

एम८२ ही दीर्घिका घ्या. अंतर सुमारे १ कोटी २० लाख प्रकाशवर्षं. तिच्या कडेला एक मंद स्रोत दिसला आणि हेच अंतर धरून त्याची तेजस्विता सेकंदाला १० चा ३७ वा घात अर्ग इतकी आली. जोडीदार ताऱ्याचं द्रव्य ओढणाऱ्या न्यूट्रॉन ताऱ्याला हा आकडा अगदी शोभतो. आता तोच ठिपका ५०० पट लांब, म्हणजे ६०० कोटी प्रकाशवर्षांवर आहे असं धरा. तेजस्विता अंतराच्या वर्गाने वाढते, म्हणजे ढोबळ हिशेबाने अडीच लाख पट. हा आकडा सक्रिय दीर्घिकेच्या केंद्रातल्या महाकाय कृष्णविवराला तितकाच शोभतो. दोन्ही उत्तरं पटण्यासारखी, त्यामुळे आकड्याकडे बघून शंका येतच नाही.

मग वर्णपट बघू, असं प्रत्येकाला वाटतं. सक्रिय केंद्रकांच्या वर्णपटाचा घातांक (वाढत्या ऊर्जेबरोबर फोटॉन किती झपाट्याने घटतात तो आकडा) १.७ ते १.८ च्या आसपास असतो. हार्ड स्टेटमधल्या, म्हणजे जास्त ऊर्जेच्या क्ष-किरणांचं प्राबल्य असलेल्या अवस्थेतल्या, ताऱ्याएवढ्या वस्तुमानाच्या कृष्णविवराचाही जवळपास तेवढाच असतो. त्यात तुमच्याकडे फोटॉन असतात वीस-पंचवीस. दीर्घिकेच्या तबकडीतला वायू आणि धूळ मागच्या क्वेसारचे (दूरच्या, अतितेजस्वी सक्रिय केंद्रकाचे) कमी ऊर्जेचे फोटॉन गिळतात आणि तबकडीतल्या जोडताऱ्याचेही गिळतात. (इतक्या कमी फोटॉनांवर काय-स्क्वेअर लावू नका, मोजक्या फोटॉनांसाठी असलेलं कॅश स्टॅटिस्टिक वापरा. यावर वाद घालण्यात अर्थ नाही.)

यावर उपाय आहे, पण कष्टाचा. चंद्रा डीप फील्ड साउथसारख्या, एकूण ७० लाख सेकंद निरीक्षण झालेल्या पट्ट्यांमुळे कोणत्या फ्लक्सला आकाशाच्या किती क्षेत्रात दूरचे किती स्रोत असतात हे माहीत आहे. तुमच्या चित्राची संवेदनशीलता मध्यापासून कडेकडे कशी घसरते ते काढा, केंद्राभोवती वलयं पाडा आणि प्रत्येक वलयात किती परके स्रोत अपेक्षित आहेत ते मोजा. बाहेरच्या वलयात ४० ठिपके मिळाले आणि अपेक्षा ३५ ची असेल, तर उरलेल्या पाचांवर सिद्धांत उभा करू नका. आणि जितकं मंद स्रोतांकडे जाल तितके परके वाढतात.

परके किती ते असं कळतं. कोणते ते नाही. त्यासाठी हबलची चित्रं लागतात, आणि त्याआधी दोन्ही दुर्बिणींची चित्रं समान स्रोतांवरून एकमेकांवर नीट बसवावी लागतात. एम८२ च्या अंतरावर एक विकला (अंशाचा ३६०० वा भाग) म्हणजे जवळपास ५८ प्रकाशवर्षं. अर्ध्या विकलेची चूक राहिली तरी भलताच तारा जोडीदार ठरतो.

ठिपका नेमका काय आहे याचा निर्विवाद पुरावा म्हणजे स्पंद किंवा नियमित ग्रहणं. २०१४ मध्ये नूस्टार ही क्ष-किरण दुर्बीण एम८२ कडे वळली ती एसएन २०१४जे या सुपरनोव्हासाठी. त्या डेटात १.३७ सेकंदांचे स्पंद सापडले आणि एम८२ एक्स-२ हा न्यूट्रॉन तारा ठरला. त्याची तेजस्विता एडिंग्टन मर्यादेच्या (प्रारणाचा दाब आत पडणारं द्रव्य थोपवू लागतो त्या तेजस्वितेच्या) सुमारे १०० पट आहे. तोवर असा स्रोत म्हणजे कृष्णविवरच, असं बहुतेक जण धरून चालत. त्याच दीर्घिकेतला शेजारचा स्रोत एक्स-१ अवघ्या ५ विकलांवर, नूस्टारला दोघे वेगळे दिसत नाहीत. स्पंद कुणाचे हे ठरवायला चंद्राची नजर लागली. तेव्हा नुसत्या तेजस्वितेवरून वस्तुमान सांगू नका.

तयार कॅटलॉगवर मशीन लर्निंग चालवून महिन्याभरात पेपर काढायचा सल्ला मिळेल. माझं मत स्पष्ट आहे: पहिल्या वर्षी तरी नको. ज्या नमुन्यांवर ते शिकतं त्यांची वर्गवारीच अनेकदा वरच्यासारख्या अंदाजांवर उभी असते. मार्गदर्शक निवडतानाही पेपरांची संख्या बघू नका. तुमच्या शेजारी बसून डीएस९ या चित्रं बघायच्या प्रोग्राममध्ये एकेक ठिपका उघडणारी व्यक्ती मिळाली तर तिला सोडू नका.

हे वाचून धीर सोडू नका. एकेका ठिपक्याची ओळख अर्धवट राहिली तरी समूह बरंच सांगतो. जड जोडीदार असलेल्या द्वैतींची (जोडताऱ्यांची) संख्या ताऱ्यांच्या जन्मदराबरोबर वाढते, हलक्या जोडीदारांच्या द्वैतींची दीर्घिकेतल्या ताऱ्यांच्या एकूण वस्तुमानाबरोबर. परक्यांचा हिशेब नीट वजा केलात तर हे तुमच्या डेटातही दिसेल. सरावाला अर्काइव्हमधली जुनी निरीक्षणं पुरेशी आहेत.

फक्त २००० सालचं निरीक्षण आणि अलीकडचं थेट शेजारी ठेवू नका. चंद्राच्या एसिस कॅमेऱ्याच्या फिल्टरवर वर्षानुवर्षं थर साचत गेला आहे आणि कमी ऊर्जेची संवेदनशीलता बरीच घटली आहे. स्रोत तसाच असतो, पण मंद आणि ‘हार्ड’, म्हणजे जास्त ऊर्जेकडे झुकल्यासारखा दिसतो. प्रत्येक निरीक्षणाचं रिस्पॉन्स (कॅमेरा कोणत्या ऊर्जेला किती संवेदनशील होता त्याची फाइल) त्या-त्या तारखेचं बनवा आणि मगच बदलाबद्दल बोला.