जुन्या डिझेल जीपला मोठा अल्टरनेटर बसवताना

पावसाळ्यात कसारा घाटात हेडलाइट, जादा दिवे, वायपर आणि ब्लोअर एकाच वेळी चालू ठेवावे लागतात, आणि जुन्या डिझेल जीपचा साधारण ३५ ते ४५ अँपिअरचा मूळ अल्टरनेटर, म्हणजे इंजिनच्या बेल्टवर फिरून वीज देणारा आणि बॅटरी चार्ज करणारा भाग, नेमका तिथेच कमी पडतो. ६० वॉटचे दोन हेडलाइट सुमारे ९ अँपिअर घेतात, १०० वॉटचे दोन जादा दिवे आणखी १५, आणि इंजिन आयडलवर, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर न दाबता मंद फिरत असताना अल्टरनेटर आपल्या छापील क्षमतेच्या बराच खाली चालत असतो. म्हणून नवा अल्टरनेटर निवडताना लेबलवरच्या आकड्याइतकेच आयडलला तो किती देतो, हेही विचारावे. एका व्ही-बेल्टवर ७५ अँपिअरच्या आसपास थांबणे मला शहाणपणाचे वाटते, कारण त्यापुढे बेल्ट घसरू लागतो.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट ब्रेकची आहे. अनेक जुन्या डिझेल गाड्यांत ब्रेक बूस्टरला, म्हणजे ब्रेक हलका करणाऱ्या भागाला, निर्वात पुरवणारा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्याच मागे जोडलेला असतो आणि त्याला इंजिनातून ऑइल मिळते. स्वस्तात मिळालेला, पण पंप नसलेला पेट्रोल गाडीचा अल्टरनेटर बसवला, तर बॅटरी चार्ज होईल, मात्र ब्रेक दगडासारखा कडक होईल. शाफ्टचे दाते, ऑइलच्या नळ्यांची जागा आणि बूस्टरच्या नळीचे तोंड ही तिन्ही जुन्या नगाशी ताडून पाहावीत. नाशिकमधल्या द्वारका किंवा सातपूर भागातल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जाताना जुना नग सोबत असावा. पंप जोडण्यापूर्वी त्यात थोडे इंजिन ऑइल सोडावे आणि नळ्यांचे तांब्याचे वॉशर नवे घालावेत.

काम सुरू करताना बॅटरीची निगेटिव्ह तार आधी काढावी आणि ती सर्वांत शेवटी जोडावी. पुली जुन्या पुलीच्या रेषेत आली आहे का, हे सरळ पट्टी लावून तपासावे. एखाद-दोन मिलिमीटरचा फरकही बेल्ट खातो. बेल्ट अंगठ्याने दाबल्यावर साधारण १० ते १२ मिलिमीटर दबावा.

जुन्या जीपमध्ये चार्जिंगचा सगळा प्रवाह डॅशबोर्डवरच्या अँपिअर मीटरमधून फिरून येतो. तो मीटर आणि त्याची तार मोठ्या अल्टरनेटरसाठी बनवलेली नसते. ती तापते आणि आगीचे कारण ठरू शकते. त्यामुळे अल्टरनेटरच्या मुख्य टर्मिनलपासून थेट बॅटरीपर्यंत १६ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल टाकावी आणि बॅटरीजवळ १०० अँपिअरचा फ्यूज लावावा. जुन्या तारेचे सुटे टोक बॅटरीशी जोडलेले, म्हणजे जिवंतच राहते, म्हणून ते नीट इन्सुलेट करावे. जादा दिव्यांना रिलेमार्फत (छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारे स्विच) थेट बॅटरीवरून पुरवठा द्यावा आणि डॅशबोर्डवर व्होल्टमीटर बसवावा. इंजिन ते चासी आणि चासी ते बॅटरी अशी अर्थिंगची पट्टीही याच वेळी नवी घालावी, कारण परत येणारा प्रवाह तिच्यातूनच जातो. चार्जिंगचा इशारा देणारा दिवा मात्र जागेवर साध्या बल्बसह राहू द्यावा. अल्टरनेटरला सुरुवातीचा प्रवाह बहुधा त्याच्यातूनच मिळतो, आणि तिथे एलईडी लावल्यास चार्जिंग सुरूच न होण्याची शक्यता असते.

इंजिन चालू करून बॅटरीच्या टर्मिनलवर १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसतात का, ते पाहावे. मग सगळे दिवे, वायपर आणि ब्लोअर लावून अल्टरनेटरचे टर्मिनल व बॅटरीचे पॉझिटिव्ह यांमधला फरक मोजावा, तो ०.३ व्होल्टपेक्षा जास्त असेल, तर जोड किंवा केबल यांत दोष आहे. चार्जिंग तपासण्यासाठी चालू इंजिनवर बॅटरीची तार काढण्याची पद्धत काही मिस्त्री अजून वापरतात, तिला ठाम नकार द्यावा, कारण त्या क्षणी उसळणाऱ्या व्होल्टेजने अल्टरनेटरमधले डायोड जळू शकतात.

ब्रेकची चाचणी गाडी उभी असतानाच घ्यावी. इंजिन बंद ठेवून पेडल कडक होईपर्यंत दाबावे, मग ते दाबूनच इंजिन चालू करावे. पेडल किंचित खाली गेले, तर पंप काम करतो आहे. त्यानंतर ऑइलच्या नळ्यांचे जोड कोरड्या फडक्याने पुसून, काही मिनिटे इंजिन चालवून गळती पाहावी, आणि नवा बेल्ट शंभरेक किलोमीटर चालल्यावर पुन्हा ताणावा.