ऊसतोडीच्या गावातल्या शाळेत रुजू होताना

शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवरून तुमची निवड बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यात झाली असेल, म्हणजे पाटोदा, आष्टी, शिरूर कासार, धारूर, वडवणी या भागातल्या एखाद्या जिल्हा परिषद शाळेत, तर एक गोष्ट रुजू व्हायच्या आधीच समजून घ्या. इथलं शाळेचं वर्ष दसऱ्याला दुभंगतं. मुकादमाची, म्हणजे ऊसतोड टोळीच्या ठेकेदाराची, उचल (आगाऊ रक्कम) घेतलेली कुटुंबं दसरा-दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात उसाच्या फडावर जातात, ती साखर कारखान्यांचं गाळप संपल्यावरच परततात. आणि मुलांच्या मोठ्या परीक्षा नेमक्या या मधल्या महिन्यांत येतात. एनएमएमएस (गरीब घरातल्या आठवीच्या मुलांसाठीची केंद्राची शिष्यवृत्ती परीक्षा) आणि नवोदय (केंद्राच्या निवासी शाळेत सहावीला प्रवेश मिळवण्यासाठी पाचवीत द्यायची परीक्षा) साधारण हिवाळ्यात, राज्याची शिष्यवृत्ती परीक्षा फेब्रुवारीच्या सुमारास.

यंदा आमच्या आठवीतल्या मुली एनएमएमएसच्या निवड यादीत आल्या आणि पाचवीतला एक मुलगा गढीच्या नवोदय विद्यालयात गेला. भेटेल तो शिक्षक विचारतो, जादा तास किती घेतले? तास घेतलेच. पण ही लेकरं हंगामात गावात थांबली, म्हणून ते तास कामाला आले. थांबवण्याचं काम एकट्या शिक्षकाला जमत नाही, त्याला गाव लागतं.

सुरुवात कागदांपासून करा. एनएमएमएसला कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असल्याचा दाखला लागतो. तो काढायला बाप गावात हवा. आधारवर एक नाव, शाळेच्या दाखल्यावर दुसरं, बँकेत तिसरं, हे घरोघरी सापडेल. आई-वडील फडावर गेल्यावर ही दुरुस्ती करायची म्हटली की अर्ज बुडालाच समजा. म्हणून मी जुलैतच पाचवी आणि आठवीच्या प्रत्येक मुलाची एक फाईल करते: आधार, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, पासबुक. त्याच फाईलवर मुकादमाचा आणि टोळीतल्या आणखी एकाचा फोन नंबर लिहून ठेवते, कारण वडिलांचा नंबर हंगामात हमखास बदलतो.

पालकांची मोठी बैठक कधी घ्यायची, तर 17 सप्टेंबरला. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन आपल्याकडे 15 ऑगस्टइतक्याच मानानं होतं आणि त्या दिवशी गाव भरलेलं असतं. 1948 साली हैदराबाद संस्थान भारतात सामील झालं, ते सांगणारे म्हातारे आता थोडे उरलेत. त्यांना मुलांसमोर बोलायला बसवा. कार्यक्रम संपला की लोक घाईनं उठत नाहीत. तेवढ्या वेळात एकेका घराला थेट विचारा: यंदा लेकरू कुणापाशी राहणार?

उत्तर बहुतेक वेळा आजी असतं. हंगामी वसतिगृहाची योजना याच मुलांसाठी आहे. लेकरू गावातच नातेवाइकांकडे राहतं आणि त्याच्या सकाळ-संध्याकाळच्या जेवणाची सोय होते. दुपारचा पोषण आहार शाळेत मिळतोच. हे काम शाळा व्यवस्थापन समितीमार्फत चालतं, तेव्हा समिती कागदावर ठेवू नका. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असतात. आमच्या समितीतल्या बायाच घराघरात जाऊन आज्यांना तयार करतात. एक आज्जी मला म्हणाली होती, "बाई, खायाचं मी बघते, पर रातच्याला अभ्यासाला कोण बसवल?"

तिचा प्रश्न खरा होता. म्हणून आम्ही मारुतीच्या मंदिराच्या सभामंडपात संध्याकाळची अभ्यासिका सुरू केली. शिकवायला कोण? गावातली पोलीस भरतीची पोरं. पहाटे रस्त्यावर धावणारी, दिवसभर शेतात नाहीतर गावातच असणारी. भरतीच्या लेखी परीक्षेत गणित आणि बुद्धिमत्ता असतेच. आणि नवोदयच्या 80 प्रश्नांत निम्मे मानसिक क्षमतेचे, शिष्यवृत्तीच्या दुसऱ्या पेपरातही बुद्धिमत्ता चाचणी. त्या पोरांचा सराव आणि आपल्या लेकरांचा अभ्यास एकाच फळ्यावर होतो. आकृत्यांची मालिका ते इतकी झकास समजावतात की मीही मागे बसून ऐकते. खो-खोचा संघही त्यांनीच उभा केला.

विषयांबद्दल थोडंच सांगते. भागाकार आणि अपूर्णांक पक्के होईपर्यंत सराव प्रश्नसंचाला हात लावू नका. पालकांच्या मनात लातूर पॅटर्न, म्हणजे तिथल्या कॉलेज-क्लासेसची कसून तयारी करून घेण्याची पद्धत, असतो, पैसे जमले की लातूरला टाकू म्हणतात. त्यांना वही उघडून दाखवा, की पाचवीत जे राहून गेलं ते लातूरला कुणी शिकवत बसणार नाही. शिष्यवृत्ती परीक्षेच्या इयत्ता धोरणाप्रमाणे बदलल्या आहेत, त्यामुळे दरवर्षी राज्य परीक्षा परिषदेची अधिसूचना स्वतः वाचा, व्हॉट्सअ‍ॅप गटावर आलेल्या निरोपावर विसंबू नका.

निकाल लागला तेव्हा एका मुलीचे आई-वडील फडावरच होते. आम्ही मुकादमाच्या फोनवर व्हिडिओ कॉल लावला. टोळीतली सगळी माणसं कोयते खाली ठेवून जमली. गॅदरिंगला सत्कार तिच्या आज्जीचा केला, साडीचोळी देऊन. पुढच्या वर्षीसाठी लेकरं ठेवून घ्यायला दोन घरं आपणहून पुढे आली. सत्काराला खर्च करावा तो इथे.

एनएमएमएसचे नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये मिळतात. रक्कम मोठी नाही. पण मुलीच्या नावावर पैसे येतात म्हटल्यावर आठवीनंतर तिच्या लग्नाची जी बोलणी सुरू होतात, ती मागे पडतात. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे, आणि माझ्यासाठी या परीक्षेचं मोल त्यातच आहे. फक्त या शिष्यवृत्तीच्या अर्जाचं दरवर्षी ऑनलाइन नूतनीकरण करावं लागतं. आठवीनंतर मुलगी तुमच्या पटावर नसते, दुसऱ्या गावच्या हायस्कूलला जाते, आणि तिथे हे कुणी आठवणीनं करेलच असं नाही. तेव्हा फाईल कपाटात टाकू नका. नवीन शाळेतल्या वर्गशिक्षकांना भेटून ती त्यांच्या हातात द्या, आणि बारावीपर्यंत दरवर्षी एक फोन करा.