गच्चीवर सेक्स्टंट नेण्याआधी

सेक्स्टंट म्हणजे आपली जागा काढण्यासाठी सूर्य-ताऱ्यांची क्षितिजापासूनची उंची दोन आरशांनी मोजायचं जहाजावरचं यंत्र. नागपुरात समुद्र नाही, म्हणून क्षितिजाच्या जागी आपण परात ठेवतो: स्टीलची, तळाला गॅरेजमधून आणलेलं काळं ऑइल. काकवीही चालते, वाऱ्याने हलत नाही, पण थोड्या वेळात मुंगळे येतात. परातीतल्या सूर्यावर आरशातला सूर्य बसवला की यंत्राच्या अंश कोरलेल्या कमानीवर उंचीच्या दुप्पट कोन येतो. डिसेंबरच्या २२ तारखेच्या आसपास मध्यान्हीचा सूर्य इथे साडेपंचेचाळीस अंशांवर असतो, म्हणजे वाचायचे ९१. मेअखेरीस तो थेट डोक्यावर येतो, तेवढी कमान कुठल्याच सेक्स्टंटला नसते. तेव्हा हा हिवाळ्याचाच खेळ. आणि जहाजावर ४५ अंशांना खपून गेलेला आरसा इथे ९१ ला उघडा पडतो, कारण कोन वाढतो तसा कमानीवरून सरकणाऱ्या भुजेवरचा मोठा आरसा जास्त तिरका होतो.

दिवाळी आटोपली की पेटी उघडा. उन्हाळाभर ती कूलरच्या खोलीत होती का, हे आधी आठवा. खसच्या ओल्या हवेत पारा कडेपासून काळा पडायला लागतो. कडेला दोन-चार ठिपके असले तरी घाबरू नका, मधला भाग स्वच्छ असेल तर काम भागतं. पुसायला बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर आणि लेन्सचा कागद घ्या. आधी धूळ फुंकून टाका, मग अलगद टिपा, घासू नका. काचा पुसायचा निळा स्प्रे लांबच ठेवा.

प्रतिमा नुसती पुसट दिसत असेल तर दुर्बीण काढून नुसत्या डोळ्यांनी बघा. निम्म्या वेळा दोष फोकसचा निघतो.

दोन सूर्य दिसणं, एक ठसठशीत आणि शेजारी एक फिका, हे मात्र खरं दुखणं. रात्री गुरू किंवा एखादा ठळक तारा धरा, गडद काचांशिवाय. आता फिका जोडीदार गेला, तर दोष गडद काचांचा; एकेक बदलून गुन्हेगार शोधा. राहिला, तर भुजा शून्यावरून हळूहळू पुढे सरकवत वेगवेगळे तारे आणून बघा. कोनाबरोबर दोघांतलं अंतर वाढत गेलं तर मोठा आरसा दोषी. अंतर तेवढंच राहिलं तर चौकटीवर पक्का बसवलेला छोटा, कारण त्याच्यावर प्रकाश नेहमी एकाच कोनातून पडतो. मी एकदा काचवाल्याकडून साध्या आरशाचा तुकडा कापून बसवला होता. शून्यावर झकास, ९० ला जुळे. दोष दुकानदाराचा नव्हता. साध्या काचेच्या दोन्ही बाजू काटेकोर समांतर नसतात, हे मला ठाऊक असायला हवं होतं.

तारा ठिपक्याऐवजी लांबट दिसला तर आरशाची पकड बघा. क्लिप आणि स्क्रू यांच्यामध्ये काच दाबली गेली की वाकते. स्क्रू पाव फेरा सैल करा आणि पुन्हा बघा. एक स्क्रू आवळायचा तर आधी समोरचा सैल करायचा, हा नियम सोडू नका.

मगच जुळणी. भुजा कमानीच्या मध्यावर आणा, मोठ्या आरशात कडेने बघा: खरी कमान आणि आरशातली कमान एका ओळीत हवी, पायरी दिसली तर आरसा कललाय. त्यानंतर छोटा आरसा: शून्याजवळ ड्रम (भुजा बारीक सरकवायची चकती) पुढे-मागे फिरवला की दोन्ही तारे एकमेकांवरून जायला हवेत, बाजूने नव्हे. शून्याची चूक, म्हणजे दोन्ही प्रतिमा एकावर एक बसल्या असताना शून्याऐवजी येणारं वाचन, सगळ्यात शेवटी. त्यासाठी समोरच्या इमारतीची गच्ची धरू नका: दोन आरशांत पाच सेंटिमीटर अंतर धरलं तर ५० मीटरवरच्या वस्तूला साडेतीन कलांचा (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) फरक पडतो. तारा घ्या, नाहीतर एक-दोन किलोमीटरवरचा मोबाइल टॉवर.

प्रत्यक्ष त्या दिवशी यंत्र अर्धा तास आधी सावलीत ठेवा. प्लॅस्टिकचं असेल तर हे चुकवूच नका, उन्हात त्याचं शून्य सरकतं. डोळा लावण्याआधी दोन्ही आरशांपुढे गडद काचा हव्यात. परातीतला सूर्यही सूर्यच. शून्याच्या दोन्ही बाजूंनी सूर्याच्या कडा भिडवून वाचन घ्या. दोघांच्या बेरजेचा चौथा हिस्सा डिसेंबरअखेरीस १६.३ कलांच्या जवळ यायला हवा, नाहीतर वाचनच चुकलंय. आलेली चूक आधी वजा-अधिक करायची, मग निम्मं करायचं. कमानीवरची एका कलेची चूक अशी अर्धी होते, तरी या उंचीवरून काढलेल्या जागेत जमिनीवर ते सव्वानऊशे मीटर भरतात. झिरो माइलवरचा माणूस तेवढ्याने बराच लांब जाऊन पडतो.